जांभळ्या शेतातली लाल मिरची

थंडी उतरणीला लागली की मोंढ्यातल्या घाऊक बाजाराच्या रस्त्याने जाताना मिरची आली हे आधी नाकाला कळतं आणि मग डोळ्यांना. लाल मिरचीची पोती उतरत असतात. हमालांनी तोंडाला उपरणी बांधलेली असतात, रिक्षावाले शिंकत असतात आणि दोन शिंकांच्या मधल्या वेळात एकमेकांना शिव्या देत असतात. मी स्कूटर बाजूला लावते आणि नाकाला ओढणी धरून उभी राहते. काही घ्यायचं नसतं, नुसतं बघायचं असतं. बजाजनगरला घरी पोचेपर्यंत नवऱ्याचा फोन येऊन गेलेला असतो. "कुठे अडकलीस?" "मिरचीत," मी सांगते. त्याला आता याची सवय झाली आहे.

यंदाही तशीच उभी राहिले. एका पोत्याचं तोंड उसवलं होतं आणि मिरची रस्त्यावर सांडली होती. इतकी लाल, की मला त्या हिवाळ्याची आठवण आली आणि दिवसभर गेलीच नाही. फार जुनी गोष्ट नाही. मिरची तर दरवर्षी येते, पण तो हिवाळा एकदाच आला.

त्याबद्दल सांगायचं तर आधी माझ्या डोळ्यांबद्दल सांगावं लागेल. वाळूजच्या एका कारखान्यात मी रंग तपासते. पत्र्याला दिलेला रंग नमुन्याशी जुळतो की नाही, एवढंच बघायचं. एक कपाटासारखं खोकं असतं, त्यात दोन पत्रे शेजारी शेजारी ठेवायचे आणि वरचे दिवे बदलत जायचे. ट्यूबलाइटखाली सख्खे जुळे वाटणारे पत्रे दुपारच्या उन्हासारख्या दिव्याखाली एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. या कामाने मला जरा शिष्ट करून ठेवलं आहे. साडीच्या दुकानात माझ्याबरोबर यायला माझ्या बहिणी घाबरतात. मी साडी उचलून थेट दारात नेते, उन्हात धरते आणि सांगते, "हा राणी नाही, याच्या पोटात निळा आहे." दुकानदार मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

आणि माझ्या सख्ख्या मामाला लाल आणि हिरवं यांतला फरक कळत नाही.

सांडूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. फर्दापूरजवळ, अजिंठ्याचा घाट उतरला की डाव्या हाताला त्याचं गाव. लेणी बघायला जगभरातून माणसं येतात, ती मामाच्या बांधावरून दिसणाऱ्या रस्त्याने जातात. मामाला रंग दिसत नाहीत असं नाही. आभाळाचा निळा त्याला दिसतो, हळदीचा पिवळा दिसतो, पण लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळून त्याच्यापुढे एक मातकट, तपकिरी काहीतरी येतं. तर या माणसाने आयुष्यभर कशाची शेती करावी? मिरचीची. देवाला थट्टेची हुक्की आली की तो असल्या जोड्या जमवतो.

घरात हे कळलं ते आईच्या लग्नात, आणि कळलं तेही कुणाला नीट कळलं नाही. चुडा भरताना कासारणीकडच्या हिरव्या बांगड्या आईच्या मापाच्या कमी पडल्या. मामा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. त्याला सायकलवर अजिंठ्याच्या बाजाराला पिटाळलं. तो घामाघूम होऊन परत आला आणि मोठ्या ऐटीत पुडा उघडला, तर आत तपकिरी बांगड्या. बायकांनी तोंडावर हात घेतले. नवरीच्या हातात तपकिरी बांगडी म्हणजे काय! आजी म्हणाली, "हे काय आणलंस रं?" तो म्हणाला, "बांगड्या. हिरव्या." सगळ्यांना वाटलं, पोरगं भर मांडवात चेष्टा करतंय. आजोबांनी एक थोबाडीत दिली. गाल चोळत तो म्हणतच राहिला, "हिरव्याच हायेत की!" आई ही गोष्ट हसत हसत सांगायला घेते. थोबाडीपर्यंत आली की तिचं हसू थांबतं.

पुढे ड्रायव्हरच्या नोकरीसाठी तो शहरात आला, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्यापुढे ठिपक्यांचं पुस्तक धरलं. रंगीत ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, बाकीच्यांना तो दिसतो. मामा त्याबद्दल अजून रागाने बोलतो. "ह्याच्यात आकडा हाय म्हणे. निस्ते ठिपके! डॉक्टर मला येडं बनवू राह्यला होता." नोकरी गेली. त्या दिवसापासून त्याच्या मनात एक पक्का संशय बसला, की लाल रंगाचं लोक उगाच स्तोम माजवतात. "असंल तुमचं लाल," तो म्हणायचा, "पर इतकं काय त्येच्यात?"

मिरची तोडायची वेळ आली की मामी आणि बायका सऱ्यांमधून पुढे जायच्या आणि मामा मागून टोपल्या उचलायचा. अगदी जवळ जाऊन, बोटांत धरून त्याला पिकलेली मिरची कळते, पण तसं एकेक झाड चाचपत बसलं तर होळी येईल. बांधावरून जाणारं कुणीतरी थांबून म्हणायचं, "काय लाल झालंय रान, सांडूभाऊ!" मामा हसून मान हलवायचा. मी लहानपणी ती मान हलवणं कितीदा तरी पाहिलं आहे. आपल्याच शेताचं कौतुक ऐकताना तो माणूस अंदाजाने मान हलवतो आहे, हे मला तेव्हा कळायचं नाही.

पोरगं मामाच्या वळणावर गेलं असं आपण सहज म्हणून जातो. रंग न दिसण्याचं खरोखरच तसं असतं. ते आईच्या रक्तातून मुलाकडे जातं आणि आईला त्याचा पत्ताही नसतो. तिला सगळे रंग लख्ख दिसत असतात. म्हणजे माझ्या आजीने मामाचे डोळे आपल्या आत बाळगले आणि हिरवा चुडा भरून आयुष्य काढलं. कदाचित आईनेही ते बाळगले असतील, कदाचित मीही बाळगत असेन. कंपनीत दोन पत्र्यांमधला केसाएवढा फरक काढून दाखवताना मला कधी कधी हे आठवतं.

आता त्या रोलबद्दल. मला फिल्मच्या कॅमेऱ्याचा नाद लागला तो शहागंजात जुन्या सामानाच्या गाडीवर एक जड, काळा कॅमेरा मिळाला तेव्हापासून. रोल मिळणं कठीण आणि धुऊन मिळणं त्याहून कठीण, म्हणून मी रोल घरीच धुवायला शिकले. मराठीत रोल धुतातच, त्याला दुसरा शब्द नाही. पहिल्यांदा मी रविवारी सकाळी "आज रोल धुवायचाय" म्हणाले, तेव्हा नवऱ्याने पेपरातून डोकं न काढता विचारलं, "मशीनमध्ये टाकू का?"

त्या हिवाळ्यात कंपनीतली एक मैत्रीण प्रशिक्षणासाठी परदेशी जाऊन आली आणि माझ्यासाठी दोन रोल घेऊन आली. खोक्यावर बनवणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं, की हा प्रयोग आहे, दिसतात तसे रंग येणार नाहीत, आणि कसे येतील ते आम्हीही सांगू शकत नाही. मी वाचून मोठ्याने हसले. आमच्याकडे असला माल दारातूनच परत गेला असता. रंगीत फिल्मवर थरावर थर असतात आणि प्रत्येक थराचं काम ठरलेलं असतं. या लोकांनी ती कामं मुद्दाम अदलाबदल करून ठेवली होती.

पहिला रोल मी शहरात फिरून संपवला. हिमायतबागेत गेले, तलावावर गेले, आणि शेवटी एकच फोटो उरला तेव्हा खिडकीतून समोरच्या कडुलिंबाचा काढला. बाथरूममध्ये बादलीत गरम पाणी, त्यात रसायनांच्या बाटल्या, हातात थर्मामीटर, असं सगळं करून रोल धुतला आणि गुलमंडीजवळच्या स्टुडिओतून प्रिंट काढून आणल्या. स्कूटरवर बसूनच पाकीट उघडलं.

झाडं जांभळी होती. सगळी. हिमायतबागेतले आंबे पिकल्या जांभळाच्या सालीच्या रंगाचे, खालची हिरवळ वांग्यासारखी, आणि कोवळ्या पानांवर तोच रंग पातळ होत गुलबक्षी झालेला. आभाळ हिरवट. रोज ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्यावर कुणीतरी दुसरीच पृथ्वी आणून ठेवली होती. लाल तेवढं लाल राहिलं होतं. रोज पन्नास पत्रे परत पाठवणारी बाई मी, या चुकलेल्या रंगांत मला परत पाठवण्यासारखं काही सापडेना. मागून गाड्या हॉर्न मारत होत्या. मी तिथेच किती वेळ होते कोण जाणे.

त्याच आठवड्यात मामा पाण्याची मोटर दुरुस्तीला घेऊन शहरात आला आणि चहाला घरी आला. प्रिंट टेबलावर पसरलेल्या होत्या. बशीत चहा ओतत त्याने एक उचलली.

"हे कशाचं झाड?"

"हा काय, समोरचा लिंब."

"लिंब असा असतो व्हय?"

"फिल्मच तशी आहे मामा. हिरव्याचं जांभळं करते."

त्याने प्रिंट जरा लांब धरली. "आन् हा पतंग कवा अडकला?"

मी कपबशी उचलत होते, ती खाली ठेवली. "कोणता पतंग?"

"हा काय. ढळढळीत तं दिसतोय."

पतंग संक्रांतीपासून तिथे होता. लाल पतंग, हिरव्या कडुलिंबात. मी मामाला हाताला धरून खिडकीशी नेलं आणि म्हटलं, "आता इथून बघ, अजून तिथंच आहे." मामाने गज धरले आणि डोळे बारीक करून बघितलं. "कुठं?" "त्या वरच्या फांदीवर, टाकीच्या रेषेत." "नाय बा." मी बोटाने दाखवलं, त्याचं डोकं धरून वळवलं. "नाय." मग त्याने हातातली प्रिंट बघितली. पुन्हा खिडकी. पुन्हा प्रिंट. मग तो खाली फरशीवर बसला.

"वैजे," तो म्हणाला, "म्हंजी तुम्हाला हे असं दिसतं? सगळ्यायला? रोज?"

मी "हो" म्हणाले. आणि मीही त्याच्या शेजारी खाली बसले.

नंतर विचार केल्यावर त्यातलं गणित सोपं निघालं. जांभळ्यात निळा असतो आणि मामाला निळा नीट दिसतो. हिरव्यामागे लाल लपून बसतो, जांभळ्यामागे त्याला लपायला जागाच उरत नाही. गणित कळलं तरी नवल कमी झालं नाही. कुठल्या तरी लांबच्या देशात कुणीतरी गंमत म्हणून रंगांची अदलाबदल केली आणि बजाजनगरच्या दुसऱ्या मजल्यावर माझ्या मामाला आयुष्यात पहिल्यांदा झाडातलं लाल दिसलं.

मामा निघताना चप्पल घालायला वाकला आणि तसाच वाकलेला राहून म्हणाला, "मपल्या मिरचीचा काढशील का? तोडायच्या आधी. एकदा मपलं रान मला बघू दे."

माझ्याकडे एकच रोल उरला होता.

नवऱ्याचं म्हणणं, त्यात काय, मोबाइलवर फोटो काढ आणि रंग फिरव. ते खरं आहे, होतं तसं. मी केलंही आणि मामाला पाठवलंही. त्याने उलट फोन केला. "मोबाइलचं काय सांगतीस? त्येच्यात तं माणसाला वाघाचं तोंड लावतेत." मग विचारलं, "तुपल्या त्या पट्टीवर मिरचीचाच उजेड पडतो ना? खरा?" "खरा," मी म्हटलं. "मिरचीवरून येतो आणि पट्टीवर पडतो." "मंग तेच आण," तो म्हणाला. मला त्याचं पटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवून मान हलवलेल्या माणसाला मध्ये कुणी नको होतं.

हिरवी मिरची तोडून झाली की शेवटचा बहर झाडावरच लाल व्हायला सोडतात. तो तयार झालेला होता, तोडणीला बायका ठरलेल्या होत्या, आणि मला सुट्टी मिळणार होती रविवारी. मधल्या दिवसांत आभाळ भरून आलं. मामीचा फोन आला. माझी कौसामामी मुळातच मोठ्याने बोलते, त्या दिवशी तर फोन कानापासून लांब धरावा लागला.

"वैजे, तुपल्या मामाला सांग बाई काही! आभाळ आलंय. मिरचीवर पाणी पडलं तं काळी पडंल सगळी. आन् हे म्हणतेत, वैजी आल्याबिगर कुणी हात लावायचा नाय. फोटोपायी रान सडवतेत का काय!"

"मामी बरोबर म्हणतेय," मी मामाला म्हटलं, "तोडून घे. पुढच्या वर्षी काढू."

"पावसाचं मी बघतो," मामा म्हणाला.

"पावसाचं तू काय बघणार?"

"तू ये."

त्या आठवड्यात मी कंपनीत किती वेळा गच्चीवर जाऊन उत्तरेकडे बघितलं असेल! वाळूजवरून फर्दापूरचं आभाळ दिसत नाही, हे मला माहीत होतं. वर्षभराची मेहनत एका बाजूला आणि माझा एक रोल दुसऱ्या बाजूला. त्यात तो रोल प्रयोगाचा, रंगांची खात्री बनवणाऱ्यालाच नाही. चुकून काहीच आलं नाही तर मामापुढे कोणतं तोंड घेऊन जाणार होते मी?

रविवारी पहाटेच्या एसटीने निघाले. सिल्लोडच्या पुढे काचेवर थेंब पडले. घाट उतरेपर्यंत थेंब थांबले होते, पण आभाळ पांढुरकं, मिटलेलं. मामा फाट्यावर उभा होता. त्याने हातातली पिशवी घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्या उजेडात येतं का?" "येईल, पण उघडलं तर बरं," मी म्हटलं. आम्ही बांधावर जाऊन बसलो. मामी आली ती कुरकुरतच आली, पण फोटो म्हणून कपाटातली लाल साडी नेसून आली होती. वरून मामाचा जुना शर्ट, शेतात बायका घालतात तसा. "शर्ट काढ की मामी," मी म्हटलं. तिने तो काढून बाभळीला अडकवला आणि म्हणाली, "तुमचं आभाळ उघडंस्तोवर मी काय हात बांधून बसू? कडंकडंच्या तोडते." आणि ती सरीत शिरली.

ऊन आलं तेव्हा आधी लांबच्या डोंगरावर आलं, मग उसावर, मग आमच्यावर. मिरचीच्या पानांवर रात्रीचं दव होतं. त्या ओल्या हिरव्यात लाल मिरच्या पेटून उठल्या. मी आजवर हजारो लाल पाहिले आहेत, त्यांना आकडे दिले आहेत, पण त्या सकाळी मी कॅमेरा हातात घेऊन नुसती उभी राहिले. मग मनात आलं, यातला लाल काढून टाकून बघू या, मामाला दिसतं तसं. डोळे किलकिले केले, एक डोळा मिटला, मान वाकडी केली. लाल काही जाईना. मामाला तो आणता येत नव्हता आणि मला तो घालवता येत नव्हता. शेजारी बघितलं तर मामा शेताकडे बघत नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"लई हाय का?" त्याने हळूच विचारलं.

"लई आहे मामा."

मी फोटो काढत सुटले. बांधावरून, सरीत बसून, प्रकाश थोडा कमी देऊन, थोडा जास्त देऊन, कारण किती दिल्यावर काय होईल हे कुणालाच माहीत नव्हतं. रोल संपला. मग ठरलेल्या बायका आल्या आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तोडणी केली, मीही केली. दोन दिवसांनी पाऊस आला. मिरची तोवर पत्र्याखाली गेली होती. चार-दोन टोपल्या डागाळल्या, त्यावरून मामी अजून बोलते.

मी रजा टाकून दुपारी रोल धुवायला बसले. काळ्या पिशवीत हात घालून अंधारातच रीळ गुंडाळलं आणि धुवायच्या डब्यात बंद केलं. पाणी जरा थंड वाटलं की किटलीतलं गरम ओतायचं, जास्त झालं की नळाचं. शेवटी डबा उघडला आणि ओली पट्टी उजेडात धरली. काहीतरी आलं होतं. पण निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, नारिंगी पट्टीवर पिवळट झाडं आणि त्यांत निळसर ठिपके. ते ठिपके म्हणजे मिरच्या. सुलट केल्यावर त्या कशा दिसतील हे त्यांच्याकडे बघून कळण्यासारखं नव्हतं. मी ती पट्टी दोरीवर वाळत घातली आणि तिच्याखाली स्टूल टाकून बसून राहिले.

स्टुडिओतले चाचा चांगले माणूस आहेत, म्हणून तर घोटाळा झाला. पहिल्या वेळी मशीनवर त्यांचा पोरगा होता, त्याने आलं तसं छापून दिलं होतं. या वेळी पट्टी चाचांच्या हातात देऊन आले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले, तर त्यांनी समाधानाने पाकीट पुढे केलं. "मॅडम, आपका पूरा रोल बैंगनी मार रा था. मैं एक-एक बैठको ठीक कर दिया." मी पाकीट उघडलं. जांभळं गेलं होतं. पानं मातकट करडी आणि मिरची विटकरी. चाचांनी तासभर खपून रंग दुरुस्त केले होते आणि नेमकं मामाला रोज दिसतं तसं शेत माझ्या हातात ठेवलं होतं.

"चाचा, मला बिघडलेलंच पाहिजे," मी म्हटलं.

"बिगडा हुआ?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. ते चष्मा काढून ऐकत होते. "लाल नहीं दिखता उनको? बिलकुल?" त्यांनी विचारलं. मग आत गेले, पुन्हा मशीनवर बसले आणि सगळ्या दुरुस्त्या शून्यावर आणल्या. पहिली मोठी प्रिंट बाहेर यायला लागली तसे आम्ही दोघं वाकलो. आधी हिरवट आभाळाची पट्टी आली, मग डोंगर, आणि मग जांभळं शेत, आणि त्यात लाल, लाल, लाल. "या अल्ला," चाचा म्हणाले. त्यांनी ती प्रिंट दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे दिली.

तो रोल आता मिळत नाही. बनवणाऱ्यांनी तो प्रयोग थांबवला, असं मैत्रीण सांगते. कंपनीत नवीन यंत्र आलं आहे, ते रंगाचा आकडा माझ्याआधी सांगतं, तरी शेवटची नजर माझी असते. दोन पत्रे शेजारी ठेवून दिवा बदलला की मला हटकून ते शेत आठवतं. खरा रंग कोणता, असं आमच्याकडे नवीन आलेली मुलं विचारतात. मी त्यांना कंपनीचं उत्तर देते, नमुन्याशी जुळतो तो. माझं स्वतःचं उत्तर त्या हिवाळ्यानंतर डळमळीत झालं आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आपल्याला जे लख्ख दिसतं ते शेजारी बसलेल्या माणसाला दिसत नसेल, आणि तो इतकी वर्षं आपल्याबरोबर मान हलवत असेल, हे मी आता विसरू शकत नाही.

पुढच्या रविवारी मी प्रिंट घेऊन गेले. अंगणात मिरची वाळत घातली होती आणि मामी तिच्या कडेला बसून डागाळलेल्या मिरच्या वेचत होती. मामाने हात धुतले, सदऱ्याला पुसले, तरी प्रिंट घेताना तळहात न लावता कडेने धरली. तो उन्हात जाऊन उभा राहिला.

मग त्याने उजव्या हाताचं बोट फोटोवर टेकवलं आणि एका मिरचीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर नेत राहिला, पार कडेपर्यंत. त्याचे ओठ हलत होते.

"येवढी?" तो म्हणाला. "येवढी लागते व्हय मिरची?"

"येवढी लागते," मामी खाली बघूनच म्हणाली. "तोडून तोडून कंबर मोडते ती काय उगं?"

मामाचं बोट परत निघालं आणि शेताच्या मधोमध येऊन थांबलं. तिथे सरीत मामी वाकलेली होती. बांधावरून काढलेला फोटो, त्यामुळे अंगठ्याएवढीच दिसत होती, पण त्या सगळ्या जांभळ्यात तिची साडी पहिल्या नजरेत डोळ्यांत भरत होती.

"कौसे," मामा म्हणाला, "लांबून दिसतीस की गं तू."

मामीचे हात थांबले. तिने मान वर केली. माझी मामी, जिचा आवाज तीन शेतं ओलांडून जातो, ती इतकं हळू बोललेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"रोज तिथंच तं असते मी."

"असशील," मामा म्हणाला. "मला आज दिसलीस."